नवीन कोच झालायस ना, मग आधी पोरं ओळख
पहिले दोन आठवडे डावपेच बाजूला ठेव, प्रॅक्टिसच्या दहा मिनिटं आधी पोच आणि रोज दोघा-तिघांशी खेळ सोडून बोल, झोप, अभ्यास, घरचं, काहीही.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- सगळ्यांसमोर झापणं. बाजूला घे, आधी विचार "तुला तिथं काय दिसलं?" आणि गप्प राहा, उत्तर यायला वेळ लागतो.
- फक्त स्टार खेळाडूंकडे लक्ष. बेंचवर का बसवलं ते स्वतः जाऊन सांग. माझ्या टीममधली एक मुलगी मी हे न बोलल्यामुळे खेळ सोडून गेली, अजून लागतं मनाला.
- दोस्तीत नियम सैल सोडणं.

वॉर्मअप आळीपाळीनं पोरांनाच घेऊ दे, लाजऱ्यांनाही. बाकीचं सीझनच्या मध्यावर बघू.