जनुकाच्या माथी किती मारायचं?

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

न्यूझीलंडला दक्षिण ऑकलंडमधल्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून रुजू झालास, वाचून फार आनंद झाला. तू विचारलंस की सामोअन आणि टोंगन, म्हणजे पॅसिफिकमधल्या सामोआ आणि टोंगा बेटांकडच्या, पुरुषांचं वजन जर मुळात जनुकांमुळेच वाढत असेल, तर आपण आहाराचं सांगून काय साधणार? याचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण आपल्या खुर्चीतून सहज बोललेलं एखादं वाक्य समोरचा माणूस वर्षानुवर्षं मनात धरून बसतो.

आधी जनुकाचं बघू. सामोआतल्या तीन हजारांहून जास्त प्रौढांच्या तपासणीतून सीआरईबीआरएफ या जनुकातला एक बदल सापडला आणि 2016 साली तो 'नेचर जेनेटिक्स'मध्ये प्रसिद्ध झाला. पॅसिफिकबाहेर हा बदल जवळजवळ दिसतच नाही. सामोअन लोकांत मात्र साधारण 45 टक्के लोकांकडे त्याची एक तरी प्रत असते (प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एक आईकडून, एक वडिलांकडून). एका प्रतीमागे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सुमारे 1.4 ने वाढतो. पावणेसहा फुटी माणसाच्या बाबतीत हे झाले चार किलो, दोन्ही प्रती असल्या तर आठ-नऊ. वजनावर एकट्याने एवढा परिणाम करणारे जनुकीय बदल फारच थोडे माहीत आहेत, म्हणून या शोधाचा गाजावाजा झाला, आणि तो रास्तच होता. पण तुझ्यासमोर 140 किलोंचा माणूस बसला असेल, तर चार किलोंचा हिशोब लागला. बाकीच्या किलोंचं काय?

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट बातम्यांमध्ये मागे पडली. हा बदल असलेल्यांचं वजन जास्त, पण त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण कमी. पुढे 2022 मध्ये पुरुषांच्या रक्तात असंही दिसलं की ही प्रत असेल तर मायोस्टॅटिन कमी असतं. स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारं हे प्रथिन. म्हणजे वाढलेल्या वजनात काही भाग स्नायूंचाही असणार. तेव्हा याला 'लठ्ठपणाचं जनुक' म्हणू नकोस. रुग्णासमोर तर नाहीच.

'काटकसरी जनुका'ची गोष्ट तुला शिकवली असेलच. जेम्स नील यांनी 1962 साली ती मांडली. पुढे लोकांनी तिला पॅसिफिकची जोड दिली: लांबच्या समुद्रप्रवासात उपासमार झाली, चरबी साठवणारे तेवढे वाचले, आणि त्यांचे वंशज आज जाड आहेत. ऐकायला छान वाटतं, पण पुरावा पातळ आहे. थोडी माणसं नव्या बेटावर जाऊन वसली की एखादा बदल केवळ योगायोगानेही पिढ्यांमागून पिढ्या पसरतो. शिवाय या गोष्टीचा एक तोटा मला फार खुपतो. ती ऐकून माणसाला वाटतं, आपल्या रक्तातच आहे, मग करायचं काय?

रक्त तेच राहिलं आणि वजन बदललं, याची साक्ष सामोआच देतं. 1978 मध्ये तिथल्या साधारण 28 टक्के पुरुषांत स्थूलता होती, 2013 मध्ये 53 टक्क्यांत. पस्तीस वर्षांत जनुकं बदलत नाहीत. बदललं ते काम आणि ताट. शेतमळ्यात आणि होडीवर राबणारा पुरुष पगारी नोकरीत बसला, आणि बंदरात उतरलं स्वस्त मांस: न्यूझीलंडहून मेंढीच्या पोटाकडचे चरबीचे पट्टे, अमेरिकेतून टर्कीच्या शेपट्या. त्या शेपट्यांवर सामोआने 2007 मध्ये बंदी घातली होती. जागतिक व्यापार संघटनेत शिरताना ती उठवावी लागली. एका छोट्या देशाने आपल्या माणसांच्या तब्येतीसाठी घातलेली बंदी व्यापाराच्या अटीपुढे टिकू नये, याचा मला आजही संताप येतो.

आता ताटाकडे ये. रविवारी चर्चनंतर सामोअन घरात 'तोओनाई' असतं, सगळ्या कुटुंबाचं जेवण. तापलेल्या दगडांवर पानांखाली टारो, नीरफणस, मासे भाजतात. अळूच्या कोवळ्या पानांत नारळाचं घट्ट दूध बांधून 'पालुसामी' करतात. टारो म्हणजे आपल्या अळूचाच कंद, त्यामुळे तुला तो परका वाटायला नको. हल्ली त्याच पुडीत डब्यातलं खारवलेलं बीफ घालतात. एकदा तो डबा उघडून बघ. मांसाभोवती पांढऱ्या चरबीचा थर गोठलेला असतो आणि चवीला मीठ भरपूर. लग्नकार्यात, मयतीत या डब्यांची खोकीच्या खोकी आहेर म्हणून दिली जातात. 'हे बंद करा' म्हणालास तर तू त्यांच्या मानपानाला हात घालशील. किती आणि कधी, एवढ्यापुरतंच बोल.

जुन्या अन्नात किती बळ आहे ते हवाईतल्या वाइआनाए इथे दिसलं. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वीस मूळ हवाईयन माणसांना तीन आठवडे टारो, रताळी, नीरफणस, पालेभाज्या, मासे, कोंबडी असं पूर्वापार अन्न पोटभर दिलं. वजन सरासरी 7.8 किलो उतरलं, कोलेस्टेरॉल 14 टक्क्यांनी घटलं. अर्थात शिजवलेलं ताट समोर येत होतं आणि मुदत तीन आठवड्यांची होती. तुझा रुग्ण रात्रपाळी करून पहाटे घरी येतो, आणि हाताशी असतो तो पांढरा पाव.

बीएमआयच्या तक्त्याबद्दल मात्र डोळ्यांत तेल घालून राहा. आपण पुण्याकडे शिकलेली माणसं, आपली नजर उलट्या देहाची: दिसायला बारीक, आत चरबी जास्त. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांची जोडी आठव: 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलेल्या त्यांच्या तुलनेत दोघांचाही बीएमआय 22.3, पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी 21.2 टक्के आणि युडकिन यांच्या शरीरात 9.1. पॉलिनेशियन, म्हणजे सामोअन, टोंगन वगैरे, पुरुष दुसऱ्या टोकाला असतो. त्याच बीएमआयला त्याच्या अंगात स्नायू जास्त, चरबी कमी. आपल्याकडे 25 ला वाजणारी धोक्याची घंटा त्याला लावलीस तर धडधाकट रग्बीपटूलाही आजारी ठरवशील. आणि 'यांची हाडंच जाड' म्हणून सोडून दिलंस तर मधुमेह नजरेतून सुटेल. म्हणून कमरेचा घेर, रक्तदाब आणि एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर सांगणारी तपासणी) प्रत्येकाचं बघच.

पहिल्या भेटीत वजनकाटा बाजूला ठेव. घरी कोण रांधतं, कामाची पाळी कुठली, चर्चमध्ये जेवणाचं कोण बघतं, ते विचार. रांधणारी बाई पुढच्या भेटीला सोबत आली तर अर्धं काम तिथेच होईल. चर्चच्या जेवणात एखाद्या रविवारी डब्याऐवजी मासे ठेवायला पाद्री तयार होतो का, तेही विचारून बघ, आणि काय म्हणाले ते मला कळव.

तुझा,
सर