वाचक विचारतात : ग्लूमला लीफ स्टोन केव्हा द्यावा?

प्रश्न : माझ्या मामेभावाने शहरात नोकरी लागल्यावर आपला जुना गेम बॉय ॲडव्हान्स (हातात धरून खेळायचे यंत्र) आणि पोकेमॉन नावाचे काल्पनिक प्राणी पकडून लढवायच्या ‘पोकेमॉन फायररेड’ या खेळाची कॅसेट मला दिली. सुरुवातीला पकडलेल्या ऑडिश नावाच्या पोकेमॉनला मी एकविसाव्या लेव्हलपर्यंत वाढवले आणि त्याचा ग्लूम (त्याचे पुढचे रूप) झाला. खेळातल्या सेलाडॉन शहरातील मोठ्या दुकानातून लीफ स्टोनही (ग्लूमचा व्हाइलप्लूम करणारा दगड) विकत आणला आहे. भाऊ म्हणतो, लगेच वापर. माझे मन धजत नाही. काय करावे? (अकरावीतील विद्यार्थी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : तुमचे मन धजत नाही ते योग्यच आहे. लेव्हलमुळे होणारी उत्क्रांती, म्हणजे पोकेमॉनचे पुढच्या रूपात बदलणे, बी बटण दाबून थांबवता येते, परंतु स्टोन एकदा दिला की माघार नाही. ग्लूमचा व्हाइलप्लूम झाला की तो पुन्हा ग्लूम होत नाही. भाऊ सांगतो त्यातही तथ्य आहे. ग्लूमची विशेष हल्ल्याची मूळ क्षमता ८५ आहे आणि व्हाइलप्लूमची १००, आणि या पिढीच्या खेळात गवत प्रकारातील सर्व हल्ले त्याच क्षमतेवर चालतात. मात्र स्टोनने उत्क्रांत होणाऱ्या बहुतेक पोकेमॉनप्रमाणे व्हाइलप्लूमही लेव्हल वाढताना जवळजवळ कोणतीही नवी मूव्ह (लढाईतील डाव) शिकत नाही, आणि भाऊ विसरतो तो नेमका हाच भाग.

ग्लूम पस्तिसाव्या लेव्हलला ‘मूनलाइट’ शिकतो. या मूव्हने त्याची निम्मी प्राणशक्ती परत येते, लढाईत ऊन पडलेले असेल तर त्याहून अधिक, पावसात मात्र कमी. व्हाइलप्लूमच्या यादीत मूनलाइट नाही. खेळातल्या ‘टू आयलंड’ या बेटावर मशरूम घेऊन विसरलेल्या मूव्ह शिकवणारा एक माणूस भेटतो, पण तोही त्या जातीच्या यादीतलेच शिकवू शकतो, त्यामुळे घाईने दिलेल्या स्टोनची भरपाई तेथे होत नाही. ‘पेटल डान्स’साठी थांबण्याचे कारण नाही, कारण ती मूव्ह चव्वेचाळिसाव्या लेव्हलला ग्लूमही शिकतो आणि व्हाइलप्लूमही. शिवाय पेटल डान्स दोन-तीन फेऱ्या सलग चालते आणि शेवटी आपलाच पोकेमॉन गोंधळून जातो; मला ती कधीच आवडली नाही.

तेव्हा माझा सल्ला असा, की स्टोन पिशवीत राहू द्यावा आणि पस्तिसाव्या लेव्हलला मूनलाइट शिकून झाल्यावर तो द्यावा. तोपर्यंत हल्ल्याची अडचण पडणार नाही, कारण ज्या शहरात तुम्ही २१०० मोजून स्टोन घेतला, तेथील जिमची (लढतींच्या आखाड्याची) प्रमुख एरिका हिला हरवल्यावर ‘गिगा ड्रेन’ ही मूव्ह मिळते, आणि केलेल्या नुकसानीच्या निम्मी प्राणशक्ती ती आपल्याला देते. ऑडिश असताना अठराव्या लेव्हलला शिकलेली ‘स्लीप पावडर’ मात्र कोणत्याही परिस्थितीत पुसू नये. ती चारपैकी तीनच वेळा लागते, तरी नवे पोकेमॉन पकडताना तिच्याइतके उपयोगी दुसरे काही या जातीकडे नाही. ‘ॲसिड’ पुसली तरी चालेल. या खेळात विषाचे हल्ले शारीरिक क्षमतेवर मोजले जातात आणि ग्लूमची ती बाजू लंगडी आहे.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक अवांतर गोष्ट. ग्लूमच्या दुर्गंधीची मुले थट्टा करतात, पण पावसाळ्याच्या तोंडावर बांधाच्या कडेला सुरणाचे फूल उमललेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा प्राणी परका वाटू नये. पान येण्याआधीच जमिनीतून वर येणारे त्या जांभळट, सुरकुतलेल्या फुलाला सडक्या मांसासारखी घाण येते आणि त्यावर माश्या घोंगावतात. दिवसा मातीत पुरून राहणारा ऑडिश म्हणजे कंद आणि त्यातून निघालेले वास मारणारे फूल म्हणजे ग्लूम, असे मी माझ्या पुतण्याला समजावले होते. व्हाइलप्लूमचे जपानी नाव मात्र रॅफ्लेशियावरून घेतलेले आहे, जी दुसऱ्या वेलीवर जगणारी, पाने नसलेली वनस्पती आहे.

प्रश्न : मी मोबाइलवर ‘पोकेमॉन गो’ खेळते. आमच्या गावात मारुतीच्या देवळापाशी एकच पोकेस्टॉप (खेळाच्या नकाशावरचे, फिरवून वस्तू मिळवण्याचे ठिकाण) आहे. मला ग्लूमचा बेलॉसम (त्याचे दुसरे पुढचे रूप) करायचा आहे, पण त्यासाठी लागणारा सन स्टोन मिळत नाही. येथेही लेव्हलची वाट पाहावी का? (आर्वी तालुका, जि. वर्धा)

उत्तर : नाही. वरील हिशेब येथे लागू पडत नाही, कारण या खेळात उत्क्रांतीच्या वेळी पोकेमॉनच्या मूव्ह साधारणपणे नव्याने ठरतात आणि थांबल्याने पदरात काही पडत नाही. तुम्हाला १०० कँडी आणि एक सन स्टोन एवढेच हवे. एकच स्टॉप आहे म्हणून नाउमेद होऊ नका. दररोज एकदा तो फिरवत राहिलात, तर सलग सातव्या दिवशी उत्क्रांतीची एक वस्तू हमखास मिळते. ती सन स्टोनच असेल असे मात्र नाही, त्यामुळे दोन-चार आठवडे लागू शकतात. एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून बाजारहाटासाठी बाहेरगावी जाणार असाल, तर तेथील एखादा स्टॉप फिरवून घ्यावा. तोही मोजणीत धरला जातो.

कँडीसाठी ग्लूमला सोबती करून चालावे. स्वच्छ उन्हात गवत प्रकारातील पोकेमॉन अधिक दिसतात आणि पकडल्यावर स्टारडस्टही (पोकेमॉनची ताकद वाढवण्यासाठी लागणारी वस्तू) अधिक मिळते, आणि उन्हाची आपल्याकडे वाण नाही. तरीही एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी त्यासाठी बाहेर पडू नये. आकाश निरभ्र असेल तर हा लाभ रात्रीही मिळतो.

प्रश्न : फायररेडची कॅसेट अनेक वर्षे कपाटात पडून आहे. आत वाढवलेले पोकेमॉन नष्ट झाले असतील का? (मोर्शी तालुका, जि. अमरावती)

उत्तर : बहुधा नाही. या कॅसेटमध्ये खेळाची नोंद फ्लॅश मेमरीत राहते आणि तिला बॅटरी लागत नाही. सोबतच्याच काळातील रुबी आणि सफायर या खेळांत घड्याळासाठी बॅटरी असते. ती संपली तरी नोंद राहते, फक्त वेळेवर अवलंबून असलेल्या गोष्टी, उदाहरणार्थ लावलेल्या बेरीच्या झाडांची वाढ, थांबतात. कॅसेटचे धातूचे टोक कोरड्या सुती कापडाने हलकेच पुसून मगच ती यंत्रात बसवावी.