इकॉनॉमिक्सला गणित किती लागतं, आणि आमच्या लेकीचं काय झालं

तुमचा प्रश्न वाचला. लेक नववी झाली, मिस्टरांची बदली न्यू जर्सीला, तिला पुढे इकॉनॉमिक्स करायचंय पण गणिताची आवड नाही, चालेल का, आणि तिकडे एकटेपणा येतो का? वाचलं आणि रात्री झोपच लागली नाही, कारण आम्हीपण 2018च्या जूनमध्ये लेकीची नववी आटपूनच इकडे अमेरिकेत आलो होतो. व्हिसाचे नियम सरकारी साइटवर आहेत, ते सगळे सांगत बसत नाही.

मी स्वतः कोल्हापूरला बीए इकॉनॉमिक्स केलं. मार्शलची व्याख्या, रॉबिन्सची व्याख्या, टीका लिहा, आकृती काढा, खाली स्पष्टीकरण, झालं. तेच डोक्यात ठेवून लेकीला म्हणाले होते, तुला काही जड जाणार नाही. इथे तसं नाहीये. बहुतेक कॉलेजांत मेजरला, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाला, निदान एक सेमिस्टर कॅल्क्युलस (बदलाचा दर काढायचं गणित), काही ठिकाणी दोन, वर स्टॅटिस्टिक्स आणि बहुतेक ठिकाणी इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे आकडेवारीवरून अर्थशास्त्रातले संबंध तपासणं. पहिल्या वर्षी आलेख आणि साध्या बीजगणितावर भागतं म्हणून मुलं गाफील राहतात, खरी गाठ पडते त्यापुढच्या इंटरमिजिएट मायक्रोशी, म्हणजे ग्राहक आणि कंपन्या निर्णय कसे घेतात त्या कोर्सशी. लेक एकदा रात्री अकराला किचनमध्ये रडकुंडीला येऊन विजेच्या बिलाच्या पाकिटावर मला काढून दाखवत होती, आई ही बजेट लाइन, एवढ्या पैशात काय काय घेता येतं ती, हा इनडिफरन्स कर्व्ह, सारखंच समाधान देणाऱ्या जोड्यांचा, हा टेकतो तो बिंदू. ती आकृती मी कॉलेजात शंभरदा काढलीय. पण त्या बिंदूवर दोघांचा उतार सारखा असतो आणि तो कॅल्क्युलसने, डेरिव्हेटिव्ह घेऊन काढायचा असतो, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. मी नुसती बाजूला बसून राहिले.

तरी सांगते, आवड नसली तरी मेजर निभतं, नेटाने बसायची तयारी हवी. पीएचडीचं मनात असेल तर मात्र मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस, लिनिअर अल्जेब्रा आणि जमलं तर रिअल ॲनालिसिसपण (कॅल्क्युलसमागच्या सिद्धता), म्हणजे जवळपास गणिताचाच अर्धा मेजर.

आणि इथेच आमचं चुकलं. इथे शाळेत गणिताची शिडी असते, अल्जेब्रा 1, जॉमेट्री, अल्जेब्रा 2, प्रीकॅल्क्युलस, मग कॅल्क्युलस, आणि एका पायरीवर वर्ष जातं. आपल्याकडे नववीला गणित भाग 1 (बीजगणित) आणि भाग 2 (भूमिती) दोन्ही होतात, पण तिच्या मार्कशीटवर नुसतं 'गणित' आणि एक आकडा. इथल्या शाळेतल्या काउन्सेलरने ती एकच पायरी धरली आणि लेकीला दहावीत परत जॉमेट्रीला बसवलं. भूमितीची तीच प्रमेयं परत वर्षभर! भाषांतर द्या म्हणाले, दिलं, मग कोर्सचं वर्णन हवं, मग शाळेचा शिक्का हवा, इकडून तिकडे मेल, तोवर ऑक्टोबर उजाडला आणि आता बदलता येणार नाही म्हणाले. मी सही केली. भांडायला हवं होतं, पण नवीन देश, माझं इंग्रजी अडखळणारं, आणि आपण इथे पाहुणे ही भीती, म्हणून सही केली. ती बारावीला प्रीकॅल्क्युलसलाच राहिली, कॅल्क्युलस कॉलेजात सुरू झालं आणि शेवटच्या वर्षी तिला पीएचडीची ओढ लागली तेव्हा रिअल ॲनालिसिस घ्यायला सेमिस्टरच उरलं नव्हतं. आता एका कंपनीत डेटाचं काम करते, म्हणते आई सोड ना. मला नाही सोडता येत.

अजून एक, मुलगी तुमच्या व्हिसावर डिपेंडंट असेल तर 21 वर्षांपर्यंतच, पुढे स्टुडंट व्हिसा. आणि त्या स्टुडंट व्हिसावर नुसतं इकॉनॉमिक्स असेल तर पदवीनंतर कामाला 12 महिने मिळतात, क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स म्हणून नोंदलेला कोर्स असेल तर तो स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) धरतात, अजून 24 मिळू शकतात. नावात एवढासा फरक असतो, कॉलेज निवडताना विचारा.

एकटेपणाचं विचारलंत. पहिला हिवाळा वाईट जातो, मग कामं लागतात मागे.

आत्ता एकच करा, निघायच्या आधी शाळेकडून दोन्ही भागांचे मार्क वेगवेगळे लिहून, शिक्क्यानिशी, इंग्रजीत घ्या आणि दोन्ही पुस्तकं सामानात टाका. वजन झालं तर पापड-मसाले काढा, ते इथे मिळतात. अनुक्रमणिकेचे फोटो मला पाठवलेत तर कोर्सचं वर्णन मी इंग्रजीत लिहून देते, आमचं तेव्हाचं अजून ठेवलंय माझ्याकडे.