नागपुरात युकुलेले (गिटारसारखं छोटं, चार तारांचं वाद्य) गटवर्गात शिकावं की घरी व्हिडिओ पाहून?

ताल पक्का करायचा असेल तर गटवर्गच. सी, ए मायनर, एफ आणि जी हे चार कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) घरीही बसतात. सी आणि ए मायनरला तर एकच बोट लागतं. खरी अडचण ताल धरणाऱ्या उजव्या हाताची. एकटं वाजवताना कॉर्ड बदलायला आपण नकळत थांबतो, दहा जणांत थांबायची सोयच नसते. रेगे संगीताचा ऑफबीट (मुख्य ठोक्यांच्या मधे पडणारा ठोका) किंवा तारा तळहाताने दाबून काढायचा 'चंक' तिथेच अंगात भिनतो. शिकवणाऱ्यांना केहरवा आणि दादरा हे तालही स्ट्रमिंगवर (तारांवर हात फिरवून वाजवण्यावर) बसवायला सांगा, आपल्या गाण्यांना तेच लागतात.

फिंगरपिकिंग (एकेक तार बोटांनी छेडणं) मात्र गर्दीत नीट शिकता येत नाही, कोणाचं बोट कुठे चुकतंय ते ऐकूच येत नाही. त्यासाठी छोटी बॅच बघा.

युकुलेले घेताना कॉन्सर्ट साइज घ्या, त्याहून लहान सोप्रानोवर मोठ्या बोटांची दाटी होते. आणि लॅमिनेटेडच (लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेलं) घ्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, कोरड्या हवेत सॉलिड (अखंड) लाकूड तडकू शकतं. कूलरच्या झोतासमोर किंवा बंद कारमध्ये तर कुठलंच ठेवू नका.