वाचकांचे प्रश्न : भाड्याचं घर आणि कॉलेजचा पास

प्रश्न : आम्ही तिघी लातूरहून ठाण्यातल्या कॉलेजात आलोय. कोपरखैरण्यात वन बीएचके मिळतोय. भाडं १८,०००, डिपॉझिट ५०,०००. मालक म्हणतात, स्टॅम्पपेपरवर नोटरी करू, एकीचंच नाव पुरे. चालेल का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : नाही चालणार, आणि इथे भीड बाळगू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा (घर ठरावीक काळ फक्त राहायला देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. नोंदणी करून घेणं ही मालकाची जबाबदारी आहे, नोटरीने ती भागत नाही.

खर्चाचा बाऊ केला जातो, म्हणून हिशोबच बघा. स्टॅम्प ड्युटी पाव टक्का. करार अकरा महिन्यांचा धरला तर भाडं १,९८,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं. या बेरजेवर ड्युटी येते पाचशेच्या थोडी वर. नोंदणी फी शहरी भागात १,०००. एजंटची फी वेगळी, ती आधी ठरवा. हा खर्च निम्मा-निम्मा वाटून घेण्याची पद्धत आहे.

तिघींची नावं करारात हवीतच. एकीचंच नाव असलं आणि तीच मधेच घर सोडून गेली, तर उरलेल्या दोघींच्या हातात कागद काहीच नाही. डिपॉझिटही तिच्याच नावावर. करार ऑनलाइन होतो, एजंट थंबचं मशीन घेऊन घरी येतो. बोटं ओली किंवा घामेजलेली असतील तर आधारशी ठसा जुळत नाही, म्हणून हात पुसून बसा. सही करण्याआधी मसुदा मागून घ्या आणि चार ओळी बारकाईने वाचा : लॉक-इन (घर मधेच सोडता येत नाही असा काळ) किती महिने, नोटीस किती, डिपॉझिट कोणत्या दिवशी परत, रंगकामाचे पैसे कापणार का. वाद बहुतेक या शेवटच्या ओळीवरूनच होतात. ‘नेहमीच्या वापराने झालेली झीज धरू नये’ एवढं वाक्य घालून घ्या.

चावी मिळाली की सामान लावण्याआधी प्रत्येक भिंतीचा, बाथरूमच्या छताचा आणि गळक्या नळाचा फोटो काढा. जिन्याखालच्या वीज मीटरचं रीडिंग स्पष्ट दिसेल असाही एक काढा. सगळे फोटो त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सअॅपवर पाठवा. म्हणजे आधीच्या भाडेकरूचं थकलेलं वीजबिल गळ्यात पडत नाही. डिपॉझिट बँकेतून किंवा यूपीआयने द्या, रोख नको.

सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो त्याबद्दलचं शुल्क, मागेल. ते मालकाने भरायचे असतात आणि सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत.

प्रश्न : राहतो कळव्यात, कॉलेज नेरुळला, आधारवर पत्ता सांगलीचा. रेल्वे पासवर विद्यार्थी कन्सेशन मिळेल का?
– एक विद्यार्थी

उत्तर : मिळेल, पण आधी कॉलेजच्या दप्तरातला पत्ता बदलून घ्या. ऑफिस पुरावा मागतं तेव्हा नोंदणीकृत भाडेकरार उपयोगी पडतो. तुमचं नाव त्यात नसेल तर इथेच गाडी अडते. कॉलेज देतं त्या कन्सेशन फॉर्मवर कळवा ते नेरुळ, ‘व्हाया ठाणे’ लिहून आलंय का ते कॉलेजच्या खिडकीवरून हलण्याआधी पाहा. कुर्ल्यामार्गेही जाता येत असल्याने ‘व्हाया’ महत्त्वाचा. फॉर्म तीनच दिवस चालतो, त्यामुळे सुट्टीच्या आदल्या दिवशी घेऊ नका. नाव, जन्मतारीख, स्टेशन यांत खाडाखोड झाली की तिकीट खिडकीवरून परत पाठवतात. तिथेच पेनने दुरुस्ती करू नका, कॉलेजातून नवा फॉर्म घ्या. तिमाही पास मासिकच्या २.७ पट पडतो, म्हणजे तीन मासिकांपेक्षा स्वस्त. परीक्षा संपायला महिनाच उरला असेल तेव्हा मात्र मासिकच काढा.