सांगलीतून 8 इंची दुर्बिणीने लघुग्रहाचा माग काढता येतो का, की 14 इंची घेऊ? धडक होणार की नाही, हे एका रात्रीत कळतं का?

येतो. पण "की 14 इंची घेऊ?" हे जे पुढे विचारलंय, तिथे माझं डोकं फिरतं. इथल्या हौशी मंडळींशी माझा जुना वाद आहे: पैसे सगळे आरशावर घालायचे आणि घड्याळाकडे बघायचं नाही.

हिशेब करा. जवळून जाणारा लघुग्रह मिनिटाला 60 आर्कसेकंद (1 आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) सरकत असेल, तर घड्याळाच्या 2 सेकंदांच्या चुकीने त्याच्या जागेची नोंद 2 आर्कसेकंदांनी चुकते. फोटोत हे दिसत नाही. गाया या अवकाशदुर्बिणीने केलेल्या यादीतल्या ताऱ्यांशी फ्रेम चोख जुळते, लघुग्रह तेवढा आपल्या वाटेवर पुढेमागे पडतो. आरसा 14 इंची केला तरी तेवढाच पडेल. म्हणून इंटरनेटवरून संगणकाचं घड्याळ जुळवणारा एनटीपी प्रोग्राम किंवा जीपीएस लावा. वेळ एक्स्पोजरच्या मध्याची आणि यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, द्या. सुरुवातीची देणारे खूप आहेत. पक्की कक्षा असलेला एखादा वेगवान लघुग्रह आधी मोजा. चूक दर वेळी वाटेच्याच दिशेने निघाली तर दोष घड्याळाचा.

8 इंची, एफ/5 (नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या पाचपट), 3.76 मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा, 2×2 बिनिंग (चार पिक्सेल मिळून एक): पिक्सेलला सुमारे 1.55 आर्कसेकंद. मिनिटाला 6 आर्कसेकंद सरकणाऱ्याला 30 सेकंदांचं एक्स्पोजर चालतं, त्याहून लांबवलं तर रेघ उमटते. अशा 20 फ्रेम लघुग्रहाच्या गतीने सरकवून एकावर एक रचा. असे तीन संच घ्या, म्हणजे रात्रीच्या तीन नोंदी होतात. लघुग्रहांच्या नोंदी जगभरातून गोळा करणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरचा वेधशाळा कोड मात्र एका रात्रीच्या कामावर मिळत नाही.

धडकेचं एका रात्रीत कळत नाही. 2024 वायआर4 हा लघुग्रह डिसेंबर 2024 मध्ये सापडला. 2032 मध्ये तो पृथ्वीवर धडकण्याची शक्यता फेब्रुवारी 2025 मध्ये 3.1 टक्क्यांवर गेली आणि काही दिवसांत जवळपास शून्यावर आली. "शास्त्रज्ञांनी उगाच घाबरवलं" म्हणणाऱ्यांना गणित कळलेलं नाही. निरीक्षणं वाढली की अनिश्चिततेचा पट्टा, म्हणजे लघुग्रह जिथे कुठे असू शकेल ती जागा, आक्रसतो. पृथ्वी अजून त्यात असली की तिचा वाटा वाढतो, बाहेर पडली की आकडा कोसळतो.

आता पथ्यं. नव्याने सापडणारे बहुतेक लघुग्रह 8 इंचीच्या आवाक्याबाहेर, फार अंधुक असतात. तेवढ्यापुरते 14 इंचीवाले बरोबर. गळीत हंगामात पाचट जाळल्याचा धूर आणि पहाटे कृष्णाकाठचं धुकं, त्यामुळे शहरातून क्षितिजाजवळचं विसरा, शहराबाहेर दंडोबाच्या डोंगराकडे जा. आणि दुर्बिणीवर दव धरू नये म्हणून हीटरची पट्टी न्या.