उलटं व्हायची घाई नको गं

पोल डान्समध्ये, म्हणजे उभ्या स्टीलच्या खांबावर, पाय झोकून वर नेलेस तर उलटी होशील, पण तिथे थांबता येणार नाही. आधी पोल काखेशी घट्ट धर, खांदे खाली ओढ, गुडघे पोटाशी घे आणि तीन श्वास तशीच राहा. हे जमेपर्यंत पाय उघडूच नकोस.

पकड मांडीच्या कातडीची असते, म्हणून क्लासच्या दिवशी अंगाला क्रीम नको. (मल्लखांबाला एरंडेल चोळतात, पण तो लाकडी असतो; आपला स्टीलचा पोल कोरडाच हवा.) मांड्या काळ्यानिळ्या होतील, ते चालतं. खांदा दुखला तर मात्र थांब. खाली मॅट आणि शेजारी शिकवणाऱ्या ताई हव्यातच.

उतरताना हात पक्के झाल्याशिवाय पाय सोडू नकोस. आणि डावी बाजूही कर. मी ती टाळली, अजून भरून काढतेय.